वर्गात रोजे धरणारी मुलं आहेत, शिक्षकाने नेमकं काय करायचं?

खडू_फळा (धागाकर्ता), १ फेब्रुवारी २०२६
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी हायस्कूलला आहे, अनुदानित, मराठी माध्यम. आठवीचा वर्गशिक्षक आणि दहावीला गणित. आठवीचा पट ५४, दरवर्षी त्यात दहा-बारा मुलं मुसलमान घरातली असतात.

गेल्या वर्षी रोजे २ मार्चला सुरू झाले. दहा-बारा दिवसांनी दुपारी एक मुलगा पीटीच्या तासाहून आला आणि बाकावर मान टाकून बसला. घामाघूम, तोंड पांढरं पडलेलं. मी पाण्याची बाटली पुढे केली तर ओठ घट्ट मिटून त्याने तोंड फिरवलं. मला वाटलं नाटक करतोय. बोलून गेलो, "उपाशी यायला कुणी सांगितलं होतं तुला?" अख्ख्या वर्गासमोर. शेजारचा म्हणाला, "सर, त्याचा रोजा हाय." बारा वर्षं नोकरी झाली माझी. वर्गात कुणाचा मामा कुठे असतो ते मला पाठ आहे, पण रोजे कोण धरतं ते माहीत नव्हतं.

यंदा रमजान १८ किंवा १९ फेब्रुवारीपासून, चंद्र दिसेल तसा. दहावीचा पहिला पेपर २० ला आणि परीक्षा १८ मार्चपर्यंत, म्हणजे जवळजवळ अख्खी दहावी रोज्यांमध्ये. त्यामुळे विचारतोय: शाळा म्हणून, वर्गशिक्षक म्हणून काय करावं? काय करू नये? ज्यांनी लहानपणी स्वतः रोजे धरलेत त्यांनी लिहिलं तर फार बरं.

काठावर_पास
पहिला मी! पाणी पण नाही प्यायचं का?
(कुणीतरी विचारणारच होतं, म्हटलं आपणच उरकून टाकू.)

तंबोरा
नाही. पाणी पण नाही. :)

अबोली
खडूसर, चांगला विषय. चूक कबूल करून धागा काढणारे शिक्षक कमी. वाचतेय.

तंबोरा
सर, मी मिरजेचा. शाळा मराठी माध्यमात, बोलणं घरी दखनी आणि बाहेर मराठी. लिहितो सविस्तर.

मी १९९८ ला दहावी झालो. तेव्हा रमजान जानेवारीत होता, दिवस लहान, थंडी, दिवस कधी संपायचा कळायचं नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. म्हणजे ज्या शिक्षकांनी सात-आठ वर्षांपूर्वी "रमजान उन्हाळ्याच्या सुट्टीत येतो, आपल्याला काय" असं म्हटलं त्यांच्या वर्गात तो आता आलाय. सर, तुमच्या बारा वर्षांचं गणितही तेच, मधली बरीच वर्षं तो मे-जूनमध्येच होता. २०३० मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबर अखेरीस पुन्हा सुरू होणार, एका इंग्रजी वर्षात दोनदा.

आता मुद्द्याचं. सगळ्यांना वाटतं भूक हा प्रश्न आहे. भूक नाही हो, झोप. दिवस असा असतो बघा: सव्वाचारला आई उठवते. डोळे मिटूनच खायचं. आपल्याकडे या दिवसांत पावणेसहाच्या आत सहेरी (रोजा सुरू व्हायच्या आधीचं खाणं) आटपते, मग फजरची, म्हणजे पहाटेची नमाज. मग अर्धा-पाऊण तास आडवं झालं तर झालं. शाळा. संध्याकाळी साडेसहाच्या पुढे-मागे रोजा सोडायचा. मग रात्री इशाच्या नमाजनंतर तरावीह, म्हणजे रमजानमधली जादा नमाज, ती संपून घरी येऊन झोपायला अकरा. रोज. महिनाभर. साधारण तेरा तासांची भूक तेरा वर्षांच्या पोराला झेपते, आणि एकदा तिसरा-चौथा रोजा झाला की पोट गप्प बसतं. पाच तासांची झोप मात्र झेपत नाही. तुमचा तो मुलगा मला वाटतं भुकेने कमी आणि झोपेने जास्त पडला असेल, त्यात दुपारच्या उन्हात पीटी.

म्हणून माझं पहिलं मागणं: गणित, विज्ञान सकाळच्या तासांना घ्या. दुपारी तीनला आमचं पोर जागं दिसतं, जागं नसतं.

सरळसोट
मत वेगळं आहे, राग नसावा. शाळा ही शिकण्याची जागा. आज रोज्यांसाठी वेळापत्रक बदलाल, उद्या पर्युषणात जैन मुलांसाठी, परवा नवरात्रात. श्रद्धा घरी ठेवावी. उपवास केला तर त्याची झळ सोसायची तयारी पण ठेवावी, तोच तर उपवासाचा अर्थ ना? शिवाय लहान मुलांनी उपवास करूच नये असं माझं स्पष्ट मत.

काठावर_पास
आमच्याकडे उपवासाची झळ म्हणजे साबुदाणा वडा कमी कुरकुरीत निघणे. एकादशी आणि दुप्पट खाशी.

सायली_क
@सरळसोट, श्रद्धा घरी ठेवावी म्हणता. आमच्या शाळेत दसऱ्याला पाटीपूजन असतं, गणपतीत आरती असते, संक्रांतीला बाईंचं हळदीकुंकू स्टाफरूममध्येच होतं आणि त्या दिवशी शेवटचा तास ऑफ. मला त्यात काही वावगं वाटत नाही, मी स्वतः तिळगूळ वाटते. फक्त मग अकरा पोरांसाठी गणिताचा तास तीनवरून बाराला आणला तर शाळेत धर्म घुसला असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणि हो, जैन मुलांसाठी पण करा की. आमच्याकडे पर्युषणात एका मुलीने अठ्ठाई केली होती, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. तिला आम्ही ग्राउंडवर नाही नेलं. कुणी विचारलं पण नाही का म्हणून.

सरळसोट
पाटीपूजन ही परंपरा आहे, ते वेगळं.

भोचक_आजी
परंपरा कुणाची रे बाबा?

अबोली
पॉपकॉर्न घेऊन बसले.

संपादक_मंडळ
धाग्याचं काश्मीर करू नये ही विनंती. प्रश्न वर्गात काय करावं हा आहे, त्यावर लिहा.

पीटीवाले_सर
मी सोलापूरकडं पीटी शिकवतो. आमचं ऊन तुम्हाला सांगायला नको. खडूसर, त्या पोराला ग्राउंडवर पळवलं ते माझ्यासारख्याच कुणीतरी, म्हणून गुन्हेगाराच्या पिंजऱ्यातून लिहितोय असं समजा.

मी पहिल्यांदा काय केलं, रोजेवाल्या पोरांना म्हटलं तुम्ही वर्गातच बसा. मला वाटलं फार मोठं काम केलं. दोन दिवसांनी त्यातली चार पोरं स्टाफरूमच्या दाराशी. "सर, आम्हाला कब्बडीतनं काढलं का?" म्हंजे बघा, मी सूट दिली, त्यांना ती शिक्षा वाटली. तवापासून असं करतो: ग्राउंडवर यायचं सगळ्यांनी. पीटीचा तास या महिन्यात होईल तेवढा सकाळी. पळणं, उड्या, रिले त्यांना ऐच्छिक. शिट्टी त्यांच्याकडं, गुणलेखन त्यांच्याकडं, पंच ती. पंच झालेलं पोर किती कडक होतं ते बघायला या एकदा. आणि ज्याला खेळायचंच आहे त्याला पहिली दहा मिनिटं खेळू देतो, मग सावलीत. पाण्याच्या टाकीवर नंबर लावायची, बादल्या आणायची ड्युटी मात्र त्यांना देत नाही. तेवढं मन पाहिजे.

एक गंमत. मागच्या साली तिसऱ्या दिवशी एक गडी म्हणाला, "सर मला पण रोजा." आडनाव पाटील. मी म्हटलं बेटा, सकाळी कँटीनला वडापाव खाताना दिसलास तू मला. वर्गात हशा.

चांदबिबी
@पीटीवाले_सर, वडापाव दिसला म्हणून ठीक, पण आडनावावर जाऊ नका हं. पाटील, देशमुख, इनामदार आमच्यातही भरपूर आहेत. माझ्या मावशीच्या घरची आडनावं वाचली तर ग्रामपंचायतीची यादी वाटेल.

पीटीवाले_सर
बरोबर आहे ताई. चूक मान्य. तो मात्र वडापाववालाच पाटील होता.

नवाकोरा
एक बेसिक शंका, रमजान आणि मोहरम एकच ना? आमच्या शाळेत फलकलेखनाला गेल्या वर्षी "मोहरमच्या हार्दिक शुभेच्छा" लिहिलं होतं.

तंबोरा
अरे देवा. नाही, एक नाही. रमजान संपला की ईद, ती आनंदाची, शुभेच्छा द्या, शिरखुर्मा खा. मोहरमला करबलाच्या शहीदांची आठवण असते, त्याच्या शुभेच्छा देत नाहीत. फलक पुसून घ्या. अर्थात आमच्या भागात मोहरम म्हटला की कडेगावचे उंच ताबूत आणि ते उचलायला हिंदू-मुसलमान सगळे, त्यामुळे लोकांच्या मनात ती जत्राच आहे, गोंधळ होतो हे समजू शकतो.

माणदेशी
कडेगावचे ताबूत! लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून बघितलेत. गळाभेटीच्या वेळी गर्दीत माझी एक चप्पल गेली ती गेलीच.

चांदबिबी
मूळ विषयावर येते. मी नगरची (आताचं अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं), आता पुण्यात, मुलगी नववीत. एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही आणि पुरुष मंडळी लिहिणार पण नाहीत, म्हणून मी लिहिते.

मुलींना पाळीच्या दिवसांत रोजा नसतो. ते रोजे नंतर वर्षभरात भरून काढायचे असतात, त्याला कजा म्हणतात. आता वर्गात काय होतं बघा. मी नववीत होते. बाईंना कौतुक फार, रोज हजेरीला विचारायच्या, "आज कुणाकुणाचा रोजा? हात वर करा." शाब्बास वगैरे. त्या दिवशी माझा हात खाली. "का गं, तुझा नाही आज? काल तर होता?" अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय, मुलं पण. मी म्हटलं बरं वाटत नाही. पुढच्या तीन दिवसांत तेच. चौथ्या दिवशी मी रोजा नसतानाही हात वर केला आणि दिवसभर डबा उघडला नाही, पाणी प्यायले ते संडासात जाऊन नळाचं. पोट दुखत असताना. बाई वाईट नव्हत्या, जीव होता त्यांचा आमच्यावर. पण तो हात वर करायचा प्रकार मला आजही आठवतो.

म्हणून सर, तुम्ही जो प्रश्न विचारलात "काय करू नये", त्याचं माझं उत्तर एवढंच. कुणाचा रोजा आहे हे वर्गात विचारू नका. कौतुकाने पण नाही. मुलगी डबा खाताना दिसली तर "अरे, रोजा नाही का" असं म्हणू नका, आणि बाकीच्या मुलांनाही तेवढं सांगून ठेवा. मुलांचंही तसंच, कुणाला ताप असतो, कुणी औषध घेत असतो, कुणाच्या घरी धरतच नाहीत. आमच्यातच किती जण धरत नाहीत हे आम्हाला विचारा.

सायली_क
चांदबिबी, वाचून काटा आला. मी स्वतः असं हात वर करायला सांगितलंय वर्गात. कौतुकानेच.

अबोली
+१. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

खडू_फळा
ताई, मी तर यादी करायला निघालो होतो. बरं झालं धागा काढला. पण मग कळणार कसं? पुन्हा गेल्या वर्षीसारखं कुणी पडलं तर?

चांदबिबी
पालकांना विचारा ना. फोन करा किंवा महिना सुरू व्हायच्या आधी सगळ्याच पालकांना एक मेसेज टाका, "पाल्याची तब्येत, उपवास, औषधं याबद्दल काही सांगायचं असल्यास वर्गशिक्षकांना कळवावे." सगळ्यांना तोच मेसेज. त्यात उपवास हा शब्द घातला की जैन आले, रोजे आले, संकष्टीवाले पण आले. ज्यांना सांगायचं ते सांगतील.

बाळगुटी
बालरोगतज्ज्ञ आहे, दवाखाना निमशहरी भागात. धर्मात काय फर्ज (सक्तीचं) आणि कधीपासून ते जाणकार सांगतील, माझ्या माहितीप्रमाणे वयात येण्याआधी सक्ती नाही आणि आजारी माणसाला सूट आहे. आई-वडिलांशी बोलताना मला या सूटीचा फार उपयोग होतो, कारण मग तो डॉक्टर विरुद्ध धर्म असा सामना राहत नाही.

शिक्षकांसाठी: मूल चक्कर येऊन बसलं तर आधी सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कॉलर-पट्टा सैल. डोक्यावर, मानेवर पाणी ओता, ओला रुमाल ठेवा, त्याने रोजा मोडत नाही त्यामुळे मूल विरोध करणार नाही. बहुतेक मुलं दहा मिनिटांत सावरतात. नाही सावरलं, बोलणं असंबद्ध वाटलं, उलट्या होत असतील, तर पाणी-साखर द्या आणि त्याच वेळी पालकांना फोन. तेव्हा रोजा मोडायला काही हरकत नाही, हे त्याला त्याच्या आईच्या तोंडून फोनवर ऐकू दे, तुम्ही सांगितलंत तर तो ओठ मिटेल. बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काही ओतू नका, सरळ दवाखाना.

टाइप वन डायबेटिसची मुलं इन्सुलिनवर असतात, त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय धरूच नये. फिट्सची मुलं दुसरी. तिथे गोळीची वेळ चुकते आणि शिवाय झोप कमी, दोन्ही गोष्टी फिट आणू शकतात. वर तंबोरा म्हणाले ते झोपेचं अगदी खरं.

सहेरीला काय खावं असं पालक विचारतात तेव्हा मी म्हणतो भाकरी, अंडं, दही, केळं. नुसता चहा-पाव किंवा तळलेलं-खारट खाल्लं की दुपारी घसा कोरडा पडणारच.

दुबईत_सध्या
इकडची माहिती देतो. दुबईत रमजानमध्ये खाजगी शाळा दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, तसा नियमच आहे. पीटी हलकी. माझा मुलगा सहावीत आहे, रोजे न धरणाऱ्यांना डबा खायला वेगळी खोली. पण गंमत अशी की मित्र रोजे धरतात म्हणून हा पण अर्धा दिवस धरतो आणि घरी येऊन फ्रिज रिकामा करतो. त्याची आजी साताऱ्याहून फोनवर, "काय रे, जेवण घालत नाहीत का तुला?"

तंबोरा
आमची नानी लहान पोरांना सांगायची, एका दाढेने खा, दुसऱ्या दाढेचा रोजा. मी तिसरीपर्यंत मन लावून उजव्या दाढेचा रोजा धरलाय.

काठावर_पास
हा प्रकार आमच्या एकादशीला लागू करता येईल का? मित्रासाठी विचारतोय.

लेस्टरची_मावशी
मी इथे इंग्लंडमध्ये सेकंडरी स्कूलमध्ये टीचिंग असिस्टंट आहे, आमच्या वर्गांत निम्मी-अधिक मुलं मुस्लिम. आता रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आहे म्हणून ठीक, २०१६ ते १८ च्या सुमाराला जूनमध्ये होता आणि इथे जूनमध्ये रोजा अठरा तासांच्या वर जातो! आणि त्यातच जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा. तेव्हा परीक्षा बोर्डांनी जास्त मुलं बसतात असे काही पेपर शक्य तिथे रमजानच्या आधी घेतले होते. मुख्याध्यापकांच्या एएससीएल संघटनेने मुस्लिम विद्वानांशी बोलून शाळांसाठी माहितीपत्रक काढलं. त्यात सूर असा होता की शाळेने धर म्हणायचं नाही, धरू नको पण म्हणायचं नाही, मुलाला आणि घरच्यांना माहिती द्यायची.

आमच्या शाळेत लंचला लायब्ररी उघडी ठेवतात. कँटीनमध्ये चिप्सच्या वासात बसायला नको म्हणून. पण सक्ती नाही, बरीच मुलं मुद्दाम मित्रांबरोबर कँटीनमध्येच बसतात, गप्पा मारतात. पीटीवाले सरांचा अनुभव इथेही आहे, वेगळं बसवलं की मुलांना आवडत नाही. दार उघडं ठेवायचं, ढकलायचं नाही.

माणदेशी
आमच्या झेडपी शाळेत खिचडीचा प्रश्न येतो. पोषण आहार पहिली ते आठवी, पोरं ओळीत बसतात, स्वयंपाकाच्या मावशी प्रेमळ. "घे की लेका एक घास, कोण बघतंय." तिसरीतल्या पोराने एक दिवस घेतला घास, मग ढसाढसा रडला, माझा रोजा मोडला म्हणून. मावशी पण रडायला लागल्या. मी दोघांच्या मध्ये बसलेलो, हातात हजेरी.

तंबोरा
माणदेशी, पुढच्या वेळी त्याला सांगा, तुझं वय नाही अजून, काही मोडलं नाही. आणि विसरून खाल्लं तर मोठ्याचाही मोडत नाही, आठवल्यावर थांबायचं फक्त. पोरांना हे माहीत असतं, "विसरलो होतो" हे वाक्य आम्ही शाळेत फार वापरलंय.

सरळसोट
डॉक्टरांचा प्रतिसाद आवडला. लहान मुलांबद्दल मी तेच म्हणत होतो. बाकी मतं कायम, पण सर्वांना एकच मेसेज पाठवायची कल्पना मला पटते, त्यात कुणाला वेगळं काढलेलं नाही.

भोचक_आजी
आला बाई एकदाचा वळणावर.

सरळसोट
आजी, वळण नाही, फक्त ब्रेक लावलाय. दिवे (हलकं) घ्या.

कौसाकर
उशिरा आले धाग्यावर. मुंब्र्याजवळ राहते, मुलगा गेल्या वर्षी बारावीला होता, परीक्षा केंद्र ठाण्यात. दहावी-बारावीचे सकाळचे पेपर ११ ते २:१०, ते फार जड नाहीत, पोरगा ताजा असतो. खरी पंचाईत बारावीच्या दुपारच्या पेपरची, ३ ते ६:१०. मार्चमध्ये आपल्याकडे इफ्तार, म्हणजे रोजा सोडायची वेळ, पावणेसातच्या सुमारास. पेपर देऊन बाहेर पडला की स्टेशनपर्यंत रिक्षा मिळेना, लोकलला गर्दी, अजान झाली की सोडणार कशावर? मी त्याच्या बॅगेत डबीत तीन खजूर आणि पाण्याची छोटी बाटली ठेवायची, बॅग वर्गाबाहेर ठेवावी लागते ते ठीक.

एकदा बॅगांच्या ढिगात त्याची डबी कुठे तरी पडली. केंद्रावरच्या शिपाईमामांना याने विचारलं, डबी बघितली का. त्यांनी काही न विचारता स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळी आणि गुळाचा खडा कागदात बांधून दिला आणि म्हणाले, "गाडीत खा, आता टाइम होईल." ट्रेनमध्ये त्याने गुळावर रोजा सोडला. घरी येऊन पेपर कसा गेला ते नाही सांगितलं, गूळच सांगत बसला. (पेपर बेताचाच गेला होता, ते निकालात कळलं.)

खडूसर, तुमच्या दहावीवाल्यांना सकाळचेच पेपर असतील तर एकच सांगा, पेपर झाल्यावर उन्हात उत्तरं जुळवत उभं राहू नका, घरी जाऊन झोपा.

काठावर_पास
उत्तरं जुळवणे हे कुणाच्याच तब्येतीला चांगलं नाही, रोजा असो नसो.

सायली_क
अजून एक राहिलं. निरोप समारंभ आणि सहली. आमच्याकडे गेल्या वर्षी दहावीनंतरचं स्नेहभोजन रमजानमध्येच, दुपारी एकला. सहा मुलं आली, फोटो काढले, ताटं सोडून निघून गेली. आठ दिवस पुढेमागे केलं असतं तर काय बिघडलं असतं? कॅलेंडर कुणी बघितलंच नाही. पाडवा ३० मार्चला आणि ईद ३१ ला होती, दोन्ही झाल्यावर ठेवायला हवं होतं.

चांदबिबी
सायली, हे पुढच्या वर्षी नक्की करा. पोरं तोंडाने बोलत नाहीत पण पंगतीतून उठून जाणं लक्षात राहतं.

नवाकोरा
आणि उर्दू शाळांत कसं करतात?

तंबोरा
उर्दू शाळा बहुतेक ठिकाणी या महिन्यात वेळ बदलून घेतात, सकाळची करतात, तिथे सगळेच रोजेवाले त्यामुळे प्रश्नच येत नाही. प्रश्न आमच्यासारख्यांचा, चोपन्नात अकरा. सकाळची शाळा सगळ्यांना सोयीची असंही नाही, सातला यायचं तर फजरनंतरची ती अर्ध्या तासाची डुलकी पण गेली. पण दुपारी बाराला घरी पोचून झोपता येतं. मी असतो तर सकाळचीच घेतली असती. आमच्या हिची मतं उलट आहेत, ती म्हणते डुलकी मोलाची. घरात या विषयावर एकमत नाही.

खडू_फळा (धागाकर्ता), ११ फेब्रुवारी २०२६
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

चांदबिबी ताईंचा मेसेज जवळजवळ तसाच्या तसा आठवीच्या ग्रुपवर टाकला. चोपन्नपैकी नऊ जणांचे फोन आले. चार रोज्यांचे. एका मुलीला थायरॉइडची गोळी, एकाला दम्याचा पंप, हे मला जूनपासून माहीत नव्हतं! एकीची आई म्हणाली, ती गुरुवार करते, पण त्याचं काही नाही सर, ती खाते.

मुख्याध्यापकांकडे वेळापत्रकाचं बोललो. अख्ख्या शाळेचं बदलणार नाही म्हणाले, एकाचं हललं की सगळ्यांचं हलतं. माझा आणि विज्ञानाच्या बाईंचा तास मात्र आम्ही आपापसांत चित्रकला-कार्यानुभवशी बदलून घेतला, महिन्यापुरता. पीटीच्या सरांना हा धागाच वाचायला दिला. सोलापूरच्या सरांचं पंचाचं त्यांना पटलं, बाकी "बघू" म्हणालेत. ते प्रत्येक गोष्टीला बघूच म्हणतात.

आणि तो मुलगा आता नववीत आहे. काल शाळा सुटल्यावर सायकल स्टँडपाशी एकटा सापडला, म्हटलं गेल्या वर्षी बोललो ते चुकलं माझं. तो लाजला, पायाने दगड उडवत बसला. मग म्हणाला, "सर, त्या दिवशी सहेरीलाच उठलो न्हवतो. आईनं तीनदा हाक मारली म्हणे. तसाच धरला." म्हणजे आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं आणि वर ग्राउंडला तीन फेऱ्या. तंबोरा, तुमचं झोपेचं निदान असं खरं ठरलं. मी विचारलं यंदा काय करू तुझ्यासाठी? म्हणाला, काही नको सर, फक्त तालुक्याच्या कबड्डीच्या टीममधून काढू नका.

एक मदत हवी. सहेरी-इफ्तारच्या वेळा रोज बदलतात ना? दहावीच्या जादा तासांना पोरांना कितीला सोडायचं ते ठरवायचंय. मोबाइलवर बघितलं तर मुंबईच्या वेळा दाखवतंय.

तंबोरा
मुंबईच्या घेऊ नका, आपल्याकडे काही मिनिटं आधी सोडतात. मशिदीत छापील वेळापत्रक मिळतं महिन्याचं, खिशात मावेल एवढं. मिरजेचं तुम्हाला चालेल. जादा तास साडेपाचला सोडलेत तरी पोरं आरामात घरी पोचतील. फोटो काढून टाकतो दोन दिवसांत, चंद्र दिसला की तारखा पक्क्या होतील.

खडू_फळा
टाका. स्टाफरूमला डकवतो.